कोयनेल, घोड्याचे केस आणि निळी गोळी

पोटोमॅककाठची

आई सध्या साताऱ्याहून आलीये. मॉल दाखवून झाले, धबधबा दाखवून झाला, देऊळ तर दर शनिवारी असतंच. म्हणून परवाच्या रविवारी तिला फ्रेडरिकला घेऊन गेले. मेरीलँडमधलं विटांच्या घरांचं जुनं गाव. तिथं पॅट्रिक स्ट्रीटवर अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) वैद्यकाचं संग्रहालय आहे. १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईनंतर याच इमारतीत मेलेल्या सैनिकांना रसायनं भरून गावी पाठवण्यासारखं करत. हे कळल्यावर आईनं आधी पर्समधला रामरक्षेचा चोपडा चाचपला, मग आत पाऊल टाकलं.

आत गेल्यावर मात्र ती हलेना. एका काचेच्या पेटीत गोळ्या वळायची फरशी, खल आणि डब्या होत्या. 'ब्लू मास' म्हणजे निळी गोळी. पारा, ज्येष्ठमध, गुलाबाचा मध वगैरे घोटून करायची. वजनाचा साधारण तिसरा हिस्सा नुसता पारा! बद्धकोष्ठ, दातदुखी, उदास वाटणं, कशालाही हीच. खुद्द लिंकन घ्यायचे. अध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांनी सोडली, कारण म्हणे तिनं चिडचिड होते. आई म्हणाली, "पारा पोटात गेल्यावर माणूस चिडणार नाही तर काय भजन म्हणेल?"

दक्षिणेच्या एका सहायक सर्जननं लिहून ठेवलंय की पलटण चालत असताना तो पॅंटच्या एका खिशात निळ्या औषधाचा गोळा ठेवायचा, दुसऱ्यात अफूचा. सैनिक आला की प्रश्न एकच, पोट कसं आहे? जुलाब असतील तर अफूची चिमूट, अडलं असेल तर निळी चिमूट. झाली तपासणी! दोन्ही बाजू धरून त्या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, त्यातले साधारण दोन तृतीयांश गोळीनं नव्हे, रोगानं. हगवण सगळ्यांत वरची.

उत्तरेच्या सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी मे १८६३ मध्ये हुकूम काढला की कॅलोमेल (हाही पाऱ्याचाच क्षार) आणि टार्टर इमेटिक (ओकारी काढायचं औषध) सैन्याच्या औषधयादीतून बाद. कॅलोमेलनं सैनिकांच्या तोंडातून लाळेच्या धारा लागत, दात पडत, हिरड्या सडत. पण डॉक्टरमंडळी खवळली. आमचं हुकमी औषध काढता म्हणजे काय! पुढच्या वर्षी हॅमंडवर वेगळ्याच आरोपांखाली लष्करी खटला भरून त्यांना घरी बसवलं. निर्दोष ठरायला १८७० चं दशक संपत आलं.

आता मला ज्यासाठी धागा काढावासा वाटला ते. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, त्यात औषधंही अडली. शिवायला रेशीम नाही, म्हणून दक्षिणेचे सर्जन घोड्याच्या शेपटीचे केस वापरू लागले. ते राठ, म्हणून मऊ करायला आधी उकळायचे. जंतू नावाची भानगड कोणाला ठाऊक नव्हती, जखमा जंतूंपासून जपा सांगणाऱ्या डॉ. लिस्टरचे लेख यायला १८६७ उजाडायचं होतं. पण उकळल्यानं आपोआप काम झालं आणि त्या जखमा कमी पिकल्या असं म्हणतात. तिकडे उत्तरेकडे सगळं मुबलक. रेशमाचा दोरा ओवायच्या आधी थुंकीनं ओला करायचा, आणि एकच स्पंज या जखमेतून त्या जखमेत. म्हणजे ज्यांच्याकडे काही नव्हतं, त्यांचं काही बाबतींत न मिळाल्यामुळेच भलं झालं.

अशा गोष्टी तुमच्याकडे असतील तर टाका. युद्धाच्या तारखा नकोत, स्वयंपाकघर आणि औषधाची पेटी एवढंच.

आलं_लिंबू

मस्त धागा. आईंचा प्रश्न आवडला :)

क्विनाइनचं काय केलं त्यांनी? दक्षिण म्हणजे दलदल, डास. हिवताप असणारच.

पोटोमॅककाठची

@आलं_लिंबू, आईनंही हेच विचारलं, फक्त "कोयनेलचं काय?" असं. तिच्या लहानपणी हिवताप आला की घरात कोयनेल हाच शब्द. कडू म्हणून गुळात लपवून द्यायचे आणि ती गूळ चोखून कोयनेल तुळशीत थुंकायची. (तुळस वाचली का, ते ती सांगत नाही.)

कोयनेल चोरून यायचं. रिचमंडच्या संग्रहालयात नीना आणि ल्यूसी ॲन नावाच्या दोन बाहुल्या आहेत. त्यांच्या डोक्यात कोयनेल भरून नाकेबंदीतून आणलं अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. २०१० साली दोघींचे एक्स-रे काढले.

जे आणता यायचं नाही त्याला झाडपाला. पोर्चर नावाच्या डॉक्टरला दक्षिणेच्या सरकारनं याच कामाला बसवलं. त्यानं १८६३ मध्ये रानातल्या औषधी झाडांचा जाडजूड ग्रंथ छापला. कोयनेलऐवजी डॉगवूड, पॉपलर आणि विलोच्या साली व्हिस्कीत भिजवून द्यायचे.

शंकासुर

सैनिक तक्रार करत नसणार. व्हिस्की होती ना.

बाकी बाहुल्यांचं म्हणाल तर एक्स-रेत डोकी पोकळ आहेत एवढंच कळतं. बाहुलीचं डोकं पोकळच असतं हो. माझ्या मुलीच्या बाहुलीचा एक्स-रे काढला तर मी पण तस्कर ठरेन.

डॉ_खल

विलोच्या सालीत सॅलिसिन असतं, ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. ताप उतरतो, अंगदुखी कमी होते. पण हिवतापाचा जंतू मरत नाही. म्हणजे रोग्याला दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी परत हुडहुडी.

पाऱ्यावरून आईंनी हसण्याआधी जरा थांबायला सांगा. आपल्या सूतशेखरात काय असतं? पारा आणि गंधकाची कज्जली. आपले रसवैद्य पारा शुद्ध केला म्हणतात, त्यांचेही म्हणायचे गुलाबाच्या मधात घोटून सौम्य केला. भांडण नको, फक्त लक्षात आणून दिलं.

आता माझ्या विषयाकडे. सिनेमात दाखवतात तसं सैनिकाच्या दातात गोळी देऊन पाय कापत नव्हते. क्लोरोफॉर्म १८४७ पासून माहीत होतं आणि दोन्ही सैन्यांत बहुतेक शस्त्रक्रिया भूल देऊनच झाल्या. ईथरपेक्षा क्लोरोफॉर्म जास्त चालायचं, कारण ते पेटत नाही. रात्री मेणबत्तीच्या उजेडात काम करताना याला फार महत्त्व. फडक्याचं नरसाळं करून त्यात थेंब टाकायचे आणि नाकाजवळ धरायचं. रणभूमीत सापडणाऱ्या, दातांच्या खुणांच्या गोळ्या बऱ्याचदा डुकरांनी चावलेल्या असतात. मातीत नाक खुपसून खाणारं जनावर, शिसं मऊ, आलं दाताखाली.

पाय कापायचे हे मात्र खरं. अख्ख्या युद्धात हातपाय कापण्याच्या साठ हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया. मिनिए बॉल ही मऊ शिशाची जाड गोळी हाडाला लागली की हाड मोडायची नाही, चुरा करायची. त्याला दुसरा इलाजच नव्हता.

निगडीचा_बाबू

वाचतोय. एक ऐकलंय की कोणी जनरल आपला कापलेला पाय बघायला दरवर्षी जायचा. खरं का?

डॉ_खल

शंभर टक्के. डॅनियल सिकल्स. २ जुलै १८६३, गेटिसबर्ग, तोफेच्या गोळ्यानं उजवा पाय गेला. गृहस्थानं नडगीचं हाड छोट्या शवपेटीसारख्या डबीत घालून लष्करी वैद्यक संग्रहालयाला पाठवलं, वर आपल्या आद्याक्षरांचं 'सप्रेम भेट' छापाचं कार्ड. मग दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास भेटायला जायचा. हाड आजही मेरीलँडमध्येच आहे, धागाकर्तीनं आईंना दाखवावं.

उलट दक्षिणेचा स्टोनवॉल जॅक्सन. चॅन्सलर्सव्हिलला २ मे १८६३ च्या रात्री आपल्याच माणसांच्या गोळ्या लागल्या. डावा हात कापला. तो हात लष्करी पाद्र्यानं जवळच्या मळ्यात पुरला आणि त्यावर आज वेगळा दगड आहे. जॅक्सन आठ दिवसांनी न्यूमोनियानं गेला, पुरलाय दुसऱ्याच गावी.

हिंगाष्टक

जॅक्सनवरून आठवलं. हा माणूस पथ्याच्या बाबतीत आपल्या एखाद्या काकांना हार जाणार नाही! मिरी खाल्ली की डावा पाय दुबळा होतो, असं तो म्हणायचा, म्हणून मिरी बंद. एक हात दुसऱ्यापेक्षा जड वाटतो म्हणून तो वर धरून बसायचा, रक्त खाली उतरावं म्हणून. घोड्यावरसुद्धा! सैनिकांना वाटायचं साहेब प्रार्थना करतायत.

माझे सासरे दह्यानं उजवा गुडघा धरतो म्हणतात. डाव्याला दही चालतं.

शंकासुर

शायलोची चमकणाऱ्या जखमांची गोष्ट अजून कशी आली नाही? प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते.

पोटोमॅककाठची

मी मुद्दामच टाकली नव्हती, तुम्ही याल म्हणून :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एप्रिल १८६२, टेनेसीतलं शायलो. दोन दिवसांची लढाई, पाऊस, चिखल, जखमी तसेच पडून. रात्री काहींच्या जखमा हिरवट-निळ्या चमकू लागल्या आणि ज्यांच्या चमकल्या ते जास्त वाचले, म्हणून 'देवदूताची आभा'. २००१ मध्ये मेरीलँडच्या दोन शाळकरी मुलांनी याचा माग काढला. मातीतल्या सूत्रकृमींच्या पोटात फोटोरॅब्डस ल्युमिनेसन्स नावाचा जिवाणू असतो. तो चमकतो आणि दुसऱ्या जंतूंना मारणारी द्रव्यंही सोडतो. माणसाच्या अंगाच्या उबेत तो जगत नाही, पण चिखलात पडून गारठलेल्या अंगावर जगू शकतो. आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत सांघिक गटात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

शंकासुर

मुलांचं काम उत्तम, यात वाद नाही. 'असं होऊ शकतं' हे त्यांनी दाखवलं. पण 'झालं' हे कुठं आहे? इतक्या सैनिकांनी घरी पत्रं लिहिली, वाटाण्यात अळी निघाली तरी लिहिलं. जखम कंदिलासारखी चमकली हे लिहिलेलं त्या काळचं एक पत्र मला कोणी दाखवावं, धागाकर्तीला माझ्याकडून कंदी पेढे.

डॉ_खल

चमकीपेक्षा मला अळ्या जास्त पटतात. त्याला कागद आहे. झकारियास नावाचा दक्षिणेचा सर्जन व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलच्या रुग्णालयात होता. त्यानं सडलेल्या जखमेत मुद्दाम अळ्या सोडल्या आणि लिहून ठेवलं की एका दिवसात त्या इतकी सफाई करतात की आपल्या कोणत्याही औषधानं होणार नाही. अळी मेलेलं मांस खाते, जिवंत सोडते. आजही मधुमेहाच्या जखमांवर काही ठिकाणी हे करतात, फक्त अळ्या निर्जंतुक वाढवलेल्या.

हे किळसवाणं वाटत असेल त्यांच्यासाठी उत्तरेकडचं एक : लुइव्हिलचे डॉ. गोल्डस्मिथ. रुग्णालयातल्या सडक्या जखमांवर ब्रोमीन लावलं आणि मृत्यूचं प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आणलं. जंतूंचा सिद्धांत नसताना. ब्रोमीन लावताना रोगी ओरडायचा, म्हणून भूल देऊन लावायचे.

आलं_लिंबू

घरगुतीकडे वळा हो कोणीतरी. जेवण करून वाचायला बसले होते.

हगवणीवर तिकडच्या बायका ब्लॅकबेरीच्या मुळांचा काढा द्यायच्या. मुळात टॅनिन, तुरट, म्हणून थांबतं. फळांचं गोड मद्यार्कातलं सरबत करून मदत मंडळं पेट्या भरभरून रुग्णालयांत पाठवायची. आपल्याकडे डाळिंबाची साल उगाळून देतात किंवा बेलाचा मुरंबा, सूत्र तेच. माझ्या आजीचं सहाणेवर जायफळ. त्यानं झोप यायची आणि पोटही गप्प बसायचं, म्हणजे वरच्या डॉक्टरचे दोन्ही खिसे एकत्र.

गिरगावातला_जुना

देवीबद्दल लिहितो. लस टोचून घ्यायला डॉक्टर नसायचा तेव्हा सैनिक एकमेकांच्या दंडावरची खपली खिशातल्या चाकूनं काढून स्वतःला टोचून घ्यायचे. काही वेळा ती खपली देवीची नसायचीच, उपदंशाची असायची. अख्ख्या तुकड्या हात सुजून पडल्या. नंतर त्यावर लष्करी चौकशी करून अहवाल लिहिले गेले.

आणि हे 'या हाताचं त्या हाताला' आपल्याकडे त्याच्या साठ वर्षं आधीचं. हिंदुस्थानातली पहिली लस मुंबईत, १४ जून १८०२, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. मग तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढं. बर्फाची पेटी नव्हती, मुलंच पेटी.

वऱ्हाडी_ठेचा

मी अमरावतीकडचा, तं कापसाचं मी नाही सांगणार तं कोण सांगेल?

त्याच नाकेबंदीनं दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी. मग आमच्या काळ्या मातीतल्या आखूड धाग्याच्या कापसाला, ज्याला ते आधी नाक मुरडायचे, सोन्याचा भाव आला. तेव्हाच्या सरकारी कापूस-अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की कुठं कुठं शेतकऱ्यानं नांगराचा फाळ चांदीचा केला आणि गाडीच्या चाकांना लोखंडी धावा काढून चांदीच्या धावा बसवल्या. विचार करा बाप्पा, चांदीची धाव गोट्यावरून गेली की काय होत असेल. पण ज्याच्याकडं आजवर सावकाराची वही होती त्याच्या हातात एकदम रोकडा आला, अन् तिजोरी होती कुठं? तेव्हा मिरवायला गाडीपेक्षा चांगली जागा नाही.

१८६५ मध्ये तिकडं युद्ध थांबलं अन् भाव पडला. चांदीच्या धावा सावकाराकडं गेल्या असतील. आमच्या घरात तं एकही राहिली नाही, मी माळा शोधून पाहिला.

गिरगावातला_जुना

मुंबईत याच तेजीत लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकला असं सांगतात. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला मनोऱ्यासाठी पैसे दिले ते याच दिवसांत, आईच्या नावानं राजाबाई टॉवर. मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये. बाजार त्याच्या कितीतरी आधी, १ जुलै १८६५ ला, वायद्याच्या दिवशी कोसळला होता. म्हणजे फोर्टात घड्याळाचे टोले ऐकताना अमेरिकन यादवीचे ऐकतोय म्हणायला हरकत नाही.

हिंगाष्टक

सोऱ्याचं कोणी नाही लिहिलं? बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि तेव्हा जगातला उत्तम सोरा आपल्या बिहारातला, इंग्रजांच्या ताब्यात. उत्तरेनं १८६१ मध्ये बंदुकीची दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातल्या एकाला गुपचूप इंग्लंडला पाठवून मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा विकत घ्यायला लावला. तेवढ्यात दोन देशांत एका जहाजावरून तंटा झाला आणि इंग्लंडनं माल अडवून धरला. तंटा मिटल्यावरच सुटला.

दक्षिणेला तोही मिळेना. मग अलाबामातल्या सेल्मा गावात सोरा खात्याच्या जॉन हॅरल्सन नावाच्या अधिकाऱ्यानं १८६३ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली : गावातल्या बायांनी रात्रीच्या भांड्यातलं पाणी (म्हणजे लघवी, तिच्यातून सोरा काढता येतो) फेकू नये, जपून ठेवावं, पिंपं घेऊन गाडी दारोदार येईल. त्यावर सैनिकांनी अशा काही चावट कविता रचल्या की त्या इथं टाकल्या तर संपादक मला उडवतील.

शंकासुर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निगडीचा_बाबू

मलापण.

आलं_लिंबू

बायांकडून एवढ्यावर थांबले नाहीत ते. मीठ संपलं तेव्हा मांस धुरी द्यायच्या खोलीतली जमीन खणली. वर्षानुवर्षं खारवलेलं मांस टांगून त्याचं मीठ मातीत ठिबकलेलं. ती माती पाण्यात उकळायची, गाळायची, आटवायची, तळाला काळपट मीठ. कॉफीऐवजी रताळ्याच्या भाजलेल्या फोडी, भेंडीचं बी, राय, ओकची फळं. भेंडीच्या बियांची मी करून पाहिली आहे. कडक बिया तव्यावर भाजल्या, मिक्सरला लावल्या, फिल्टरमध्ये टाकल्या. वास बरा येतो. चव... शेजारणीला दिली, ती "वेगळीच आहे" म्हणाली आणि नंतर तीन आठवडे आली नाही.

निगडीचा_बाबू

आणि उवा? सैनिक उवांच्या शर्यती लावायचे म्हणे. ताटात सोडायच्या, जिची आधी काठावरून बाहेर ती जिंकली. एकाची ऊ नेहमी जिंकायची. नंतर कळलं की पठ्ठ्या ताट आधी तापवून आणायचा.

पोटोमॅककाठची

धाग्यानं माझ्यापेक्षा जास्त दिलं. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवतेय, सोऱ्याचा सोडून. (तिनं स्वतःच वाचला.)

काल घरी हार्डटॅक केला. उत्तरेच्या सैनिकाला दिवसाला नऊ-दहा मिळायचे. नुसतं पीठ, पाणी, मीठ. तीन इंची चौकोन, वर खिळ्यानं भोकं पाडायची, भट्टीत ठणठणीत वाळवायचे. सैनिक त्याला 'अळ्यांचा किल्ला' म्हणायचे. कॉफीत बुडवला की किडे वर तरंगायचे, ते चमच्यानं काढून कॉफी प्यायची. माझ्यात किडे नव्हते, पण पहिल्या घासाला दाढेतलं सिमेंट हललं.

आईनं एक उचलला, ओट्यावर आपटला, वास घेतला आणि काही न बोलता उरलेले सगळे वरवंट्याखाली घेतले. (वरवंटा तिनं साताऱ्याहून आणलाय, विमानतळावर त्याची वेगळी तपासणी झाली.) चुरा तुपात परतला, वर गूळ. अगदी शिळ्या पोळीचा कुस्करा करतात तसा. मी सांगितलं, सैनिक पण हेच करायचे, चुरा पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळायचे. "चरबीत?" तिनं कढई माझ्यापासून जरा लांब सरकवली. मग विचारलं, "आणि गूळ?"

गूळ कुठला, म्हटलं.

"तरीच," म्हणाली आणि बशीत वाढायला लागली.